सस्टेनेबिलिटीत करिअर करायचंय तर पोरांना आधी कारखान्यात जाऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावी-बारावीचे निकाल लागले की तुमच्या पेपरात करिअरची पानं सुरू होतात आणि गेल्या काही वर्षांत त्यात 'ग्रीन जॉब्स', 'ईएसजी' (एनव्हायर्नमेंट, सोशल, गव्हर्नन्स, म्हणजे कंपनीचं पर्यावरण, माणसं आणि कारभार यांचा हिशोब), 'सस्टेनेबिलिटी मॅनेजर' असे शब्द दिसायला लागलेत, चांगलं आहे, यायलाच पाहिजेत. पण त्या पानांवर जे छापून येतं आणि इकडं नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीत प्रत्यक्षात जशी माणसं लागतायत त्यात बरंच अंतर पडलंय, आणि त्याची किंमत पोरं आणि त्यांचे आईबाप कोर्सच्या फीमध्ये भरतायत, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. मी केमिस्ट्रीची पदवी घेऊन एका कंपनीच्या ईटीपीच्या, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या, लॅबमध्ये लागले होते, आता अंबडच्याच एका कारखान्यात एनव्हायर्नमेंट आणि ईएसजी दोन्ही बघते, त्यामुळं जे सांगते ते रोजच्या कामातलं आहे.

हे काम कसं बदलत गेलं ते आधी सांगते. मी लागले तेव्हा याला कुणी करिअर म्हणत नव्हतं. पर्यावरण खातं म्हणजे ईटीपी चालवायचा, एमपीसीबीचं, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, कन्सेंट (कारखाना चालवायची परवानगी) वेळेत रिन्यू करायचं, घातक कचऱ्याचं रिटर्न ३० जूनच्या आत, फॉर्म पाच म्हणजे एनव्हायर्नमेंट स्टेटमेंट ३० सप्टेंबरच्या आत, आणि ५ जूनला झाडं लावायची, संपलं. वरच्या साहेबांचं लक्ष जायचं ते उद्योग भवनातल्या एमपीसीबीकडून नोटीस आली तरच. मग २०१३ चा कंपनी कायदा आला, त्यातल्या कलम १३५ मुळं ठराविक आकाराच्या वरच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर, म्हणजे समाजोपयोगी कामांवर, खर्च करणं आलं, आणि एकदम नव्या प्रकारची माणसं कंपन्यांत दिसायला लागली, एमएसडब्ल्यू झालेली, संस्थांमध्ये काम केलेली, पेठ-सुरगाण्याचे पाडे पायाखाली घातलेली. चांगली माणसं होती आणि त्यांच्यामुळं बऱ्याच गावांत पाणी आलं, शाळा सुधारल्या. पण सीएसआर म्हणजे नफा झाल्यावर त्यातून करायचा खर्च, कारखाना रोज किती वीज, गॅस, डिझेल ओढतो आणि नाल्यात काय सोडतो याच्याशी त्याचा संबंध येत नव्हता. आणि लोकांच्या डोक्यात मात्र सस्टेनेबिलिटी म्हणजे झाडं, दप्तरवाटप आणि फोटो हेच बसलं ते अजून निघत नाही.

खरा फरक पडला सेबीमुळं, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेमुळं. २०१२ पासून बाजारमूल्यानं पहिल्या १०० लिस्टेड कंपन्यांना बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी रिपोर्ट द्यावा लागायचा, त्यातले बरेच प्रश्न हो-नाही वर भागायचे. २०२१ मध्ये त्याच्या जागी बीआरएसआर (बिझनेस रिस्पॉन्सिबिलिटी अँड सस्टेनेबिलिटी रिपोर्ट) आलं आणि २०२२-२३ पासून पहिल्या १००० कंपन्यांना सक्तीचं झालं, इथं मात्र आकडे मागितले, वीज किती, इंधन किती, पाणी किती उपसलं, कचरा किती निघाला आणि गेला कुठं, अपघात किती झाले, कंत्राटी कामगार धरून. पुढं जुलै २०२३ मध्ये बीआरएसआर कोअर आलं, म्हणजे यातले ठराविक आकडे बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्यायचे, आधी पहिल्या १५० कंपन्यांनी, मग दरवर्षी वाढवत २०२६-२७ पर्यंत सगळ्या १००० नी. तपासायला बाहेरचा माणूस आला आणि तो प्रत्येक आकड्यामागचा कागद मागायला लागला, तिथून या नोकरीचा सगळा पोतच बदलला. आधी हे काम एचआर किंवा कम्युनिकेशनकडं असायचं, आता माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांना सीएफओच्या मीटिंगला बसावं लागतं, आणि समोर सीए फर्मची तरुण पोरं लॅपटॉप घेऊन बसलेली असतात.

कागद म्हणजे काय ते एका गोष्टीवरून सांगते. ऑफिसचे एसी, पॅनल रूमचे एसी, चिलर, यातला गॅस कधी ना कधी लीक होतो आणि मेन्टेनन्सवाले तो भरून घेतात. आर-४१०ए नावाचा गॅस एक किलो हवेत गेला तर तो साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा धरतात. आपल्या देशाच्या ग्रिडवरच्या एका युनिटमागं साधारण ०.७ किलो कार्बन धरला जातो, म्हणजे तो एक किलो गॅस पावणेतीन-तीन हजार युनिटं वीज जाळल्यासारखा झाला. आणि हा गॅस पर्यावरण खात्याच्या एकाही रजिस्टरला नसतो. तो सापडतो अकाउंट्समध्ये, रिपेअर अँड मेन्टेनन्सच्या हेडखाली, एसीवाल्याच्या बिलात, आणि बिलावर लिहिलेलं असतं 'गॅस चार्जिंग, १ नग'. कुठला गॅस ते नाही, किती किलो ते नाही. मग एसीवाल्याला फोन लावायचा, त्याच्या पोराला विचारायचं की बाबा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून भरलास की अंदाजानं, आणि पुढच्या वेळेपासून गॅसचं नाव आणि किलो बिलावर असल्याशिवाय पेमेंट सोडायचं नाही हे अकाउंट्सच्या साहेबांच्या गळी उतरवायचं. डिझेलचंही तसंच आहे, जनरेटरच्या नावानं आलेल्या बॅरलमधलं फोर्कलिफ्टला पण जातं. ईटीपीच्या वहीत तिन्ही शिफ्टला महिनाभर पीएच ७.२ च लिहिलेला दिसला की तपासणारा वही बाजूला सारतो आणि मीटरचं कॅलिब्रेशन सर्टिफिकेट मागतो, आणि बरोबरच करतो तो. तर हे जे मागं लागून लागून आकडा खरा करून घेणं आहे तेच आज सस्टेनेबिलिटी एक्झिक्युटिव्हचं काम आहे, त्याला थोडी केमिस्ट्री, थोडं अकाउंट्स, थोडं इलेक्ट्रिकल लागतं आणि वेल्डरपासून डायरेक्टरपर्यंत सगळ्यांशी नीट बोलता यावं लागतं.

आता मोठ्या कंपन्यांचं हे असं झालं, पण मला जास्त काळजी वाटते ती मागच्या गाळ्यांची. अंबड-सातपूरला एकेका मोठ्या कंपनीच्या मागं प्लेटिंगवाले, मशिनिंगवाले, फोर्जिंगवाले, पॅकिंगवाले असे कितीतरी छोटे व्हेंडर उभे आहेत आणि त्यांच्याकडं आता हे प्रश्न उतरायला लागलेत. सेबीनं व्हॅल्यू चेनची, म्हणजे व्हेंडर आणि गिऱ्हाइकांची, माहिती देणं २०२५ मध्ये ऐच्छिक केलं ही गोष्ट खरी, पण परचेसवाल्यांचे फॉर्म काही थांबलेले नाहीत, कारण त्यांच्या परदेशातल्या गिऱ्हाइकांचे प्रश्न थांबलेले नाहीत. त्यात युरोपचा सीबॅम आहे, म्हणजे स्टील, ॲल्युमिनियम, सिमेंट, खत असा माल युरोपात जाताना तो बनवताना किती कार्बन सुटला त्याचा हिशोब. १ ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती, १ जानेवारी २०२६ पासून खऱ्या पैशाचं सुरू झालं. पैसे तिकडचा आयातदार भरतो, वर्षाला ५० टनांच्या आत माल आणणाऱ्याला सूटही दिलीय, पण बाकीचे आयातदार आकडे आपल्या माणसाकडंच मागणार, आणि ते मिळाले नाहीत तर ठरवून दिलेले जास्तीचे आकडे धरून हिशोब होणार. स्टीलचे नट-बोल्ट-स्क्रू पण यात येतात, म्हणजे ही गोष्ट टाटा-जिंदालपुरती राहिलेली नाही, ती अंबडच्या गाळ्यात आलीय.

आमच्या ओळखीच्या एका युनिटवाल्यांना असाच फॉर्म आला. त्यांचा मला फोन, "ताई, हे स्कोप वन, स्कोप टू काय भानगड आहे? माझ्याकडं तर एक लाइट बिल आहे आणि भट्टीचा गॅस." मी म्हटलं, दादा, मग तुमचं अर्धं काम झालंय, भट्टीचा गॅस आणि तुमच्या स्वतःच्या टेम्पोचं डिझेल हे स्कोप वन, आणि लाइट बिल हे स्कोप टू. बारा महिन्यांची बिलं घेऊन बसलो आणि रविवारच्या दुपारी निम्म्याच्या वर फॉर्म भरून झाला. त्यांना पुण्याच्या एका कन्सल्टंटनं याच कामाचं लाखाच्या घरातलं कोटेशन दिलेलं होतं. त्यांना परवडेल असा माणूस हवा होता, दहा-बारा युनिटं मिळून एक ठेवला तरी चालेल असा, आठवड्यातून एकदा येऊन वही बघेल, बिलं लावेल, फॉर्म भरेल. असा माणूस नाशिकमध्ये शोधून मिळत नाही आणि इकडं पोरं मात्र नोकरी नाही म्हणून पुण्या-मुंबईच्या बसमध्ये बसतायत. ही गोष्ट मला फार लागते.

आणि नाशिकला हे नवीन आहे असं म्हणायची सोय नाही. द्राक्षवाल्यांना विचारा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईड या वाढ रोखायच्या औषधाच्या रेसिड्यूवरून, म्हणजे फळात उरलेल्या अंशावरून, युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हा निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्यांचे काय हाल झाले ते तुमच्याच पेपरात छापून आलंय. काही गोष्टी आधीपासून होत्या, पण त्या फटक्यानंतर प्लॉट रजिस्ट्रेशन, फवारणीची डायरी, कुठलं औषध कापणीच्या किती दिवस आधी बंद करायचं, शेतमालाची निर्यात बघणाऱ्या अपेडाच्या ग्रेपनेट या ऑनलाइन यंत्रणेवर बागेपासून कंटेनरपर्यंतची नोंद, लॅबचा रिपोर्ट आल्याशिवाय माल हलवायचा नाही, हे सगळं आपल्या लोकांनी अंगवळणी पाडलं. दहावी झालेला शेतकरी आज एमआरएलवर (फळात औषधाचा किती अंश चालतो ती मर्यादा) बोलतो, पीएचआय (शेवटची फवारणी ते कापणी यातले दिवस) सांगतो, आणि त्याच्याभोवती रेसिड्यू लॅबवाले, पॅकहाऊसचे क्वालिटीवाले, डायरी बघणारे फील्ड ऑफिसर असे कितीतरी रोजगार उभे राहिले. बाहेरच्या बाजारानं पुरावा मागितला आणि आपल्या गावांनी तो द्यायला माणसं तयार केली. मळ्यात जे जमलं ते एमआयडीसीत न जमायला काय कारण आहे, तुम्हीच सांगा.

हल्ली पोरं एक प्रश्न हमखास विचारतात, ताई हे फॅड आहे का, दोन वर्षांनी बंद तर नाही होणार? प्रश्न रास्त आहे. २०२५ मध्ये युरोपनंच त्यांच्या रिपोर्टिंगच्या नियमांत ढील द्यायला घेतली, अमेरिकेत तर वारं उलटंच फिरलं, आणि जिथं फक्त रिपोर्ट लिहिणारी, प्रेझेंटेशन सजवणारी मोठी टीम होती तिथं माणसं कमी होतायत हे आम्हालाही ऐकू येतं. शिवाय टेम्प्लेट भरायचं काम सॉफ्टवेअर आणि एआय करायला लागलंय. त्यामुळं नुसत्या लिहिण्यावर करिअर उभं करणार असाल तर सावध राहा असंच मी सांगते. पण कारखान्याचं लाइट बिल कुठल्या सरकारवर अवलंबून नाही, कॉम्प्रेसरच्या लाइनीतून चोवीस तास हवा गळत असेल तर ते पैसे रोज जातायत, ते शोधणारा माणूस कुठल्याही मालकाला हवाच असतो. आणि आपल्याकडचे नियम तर वाढतच चाललेत. २०२३ ची कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम आहे, प्लास्टिक, ई-वेस्ट, बॅटऱ्या यांचं ईपीआर, म्हणजे वापरून झालेला माल गोळा करून निस्तरायची उत्पादकाची जबाबदारी, आहे, खोट्या हिरव्या जाहिरातींवर २०२४ मध्ये गाइडलाइन्स आल्या, २०२५ मध्ये एनव्हायर्नमेंट ऑडिटचे नियम आले ज्यात नोंदणी झालेले ऑडिटर लागणार आहेत, आणि बीईईची, म्हणजे केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोची, एनर्जी मॅनेजर-एनर्जी ऑडिटरची परीक्षा तर कितीतरी आधीपासून आहे, तिच्याबद्दल करिअरच्या पानावर मी अजून एक ओळ वाचलेली नाही. पुढं सिंहस्थ कुंभमेळा आहे, गोदावरीत आणि तिला मिळणाऱ्या नंदिनीत काय पाणी येतं यावर सगळ्यांचा डोळा राहणार, तिथंही मोजणारी माणसं लागणारच.

आता कोर्सचं बोलते. आमच्याकडं मध्यंतरी एका जागेसाठी मुलाखती होत्या. एक मुलगी आली, एनव्हायर्नमेंटल सायन्स केलेली, हुशार, बोलायला स्वच्छ, ईएसजीचा ऑनलाइन कोर्स घरच्यांनी कर्ज काढून करून दिलेला. जीआरआय काय, टीसीएफडी काय, आयएसएसबी काय, रिपोर्ट कसा लिहायचा याच्या जगभरच्या फ्रेमवर्कचं सगळं तिला येत होतं. मी तिच्यासमोर आमचं महावितरणचं बिल ठेवलं आणि म्हटलं यावरून आपला महिन्याचा कार्बन काढ. हाय टेन्शनवाल्यांचं बिल २०२० पासून केव्हीएएचवर (लाइनीतून ओढलेली एकूण वीज) येतं आणि कार्बनचा हिशोब करायचा केडब्ल्यूएचवर (प्रत्यक्ष कामाला लागलेली वीज, म्हणजे नेहमीची युनिटं), ती केव्हीएएचचाच आकडा घेऊन बसली आणि मग गोंधळली. तिचा यात काडीचा दोष नाही, तिला आयुष्यात कुणी कारखान्याचं बिल दाखवलंच नव्हतं. आम्ही तिला घेतलं, दोन महिन्यांत ती मीटर रूममध्ये इलेक्ट्रिशियनशी वाद घालायला लागली, आज ती तिथं माझ्यापेक्षा बारकाईनं बघते. पण अशा किती जणांना कुणी सांभाळून घेणार? कोर्स विकणारे लोक फ्रेमवर्कची नावं पाठ करून घेतात कारण ती शिकवायला सोपी आहेत, एसी हॉलमध्ये किंवा मोबाइलवर शिकवता येतात. मीटर, बॉयलर, स्लज, ही शिकवायला कारखान्याचं गेट उघडावं लागतं आणि ते उघडून देणारा कुणी नाही.

अशा नव्या पोरांवरून अजून एक गोष्ट, आणि ही कंपनीवाल्यांसाठी आहे. कोवळ्या पोरांना या खुर्चीत बसवता आणि वर्षअखेरीला सांगता की मागच्या वर्षीपेक्षा आकडा खाली दिसला पाहिजे. प्रॉडक्शन वाढलं असेल तर आकडा वाढणारच, दर टनामागं किती ते दाखवा की, त्यात लपवण्यासारखं काय आहे. पण ज्याला नोकरी लागून सहा महिने झालेत तो साहेबाला नाही म्हणू शकत नाही, आणि पुढं तपासणीत सापडलं की बोट त्याच्याकडंच जातं. ही पोरं आम्हाला संध्याकाळी फोन करतात, आवाज बारीक झालेला असतो. माझं स्पष्ट मत आहे की या जागेवरच्या माणसाला आपलं म्हणणं लेखी नोंदवायची मुभा पाहिजे आणि ते थेट ऑडिट कमिटीपर्यंत जायला पाहिजे, क्वालिटीच्या माणसाला जसा खराब माल रोखायचा अधिकार असतो तसा यांना खोटा आकडा रोखायचा अधिकार द्या. तो दिला नाही तर चांगली पोरं या लाइनीत टिकणार नाहीत आणि जी टिकतील ती आकडे शिजवायलाच शिकतील.

संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती आहे. पुढच्या करिअर पानावर एखाद्या ईटीपी ऑपरेटरशी, एखाद्या एनर्जी ऑडिटरशी, एखाद्या प्लेटिंगवाल्या मालकाशी बोलून लिहा, त्यांना काय येणारा माणूस हवाय ते त्यांच्याच तोंडून येऊ द्या. आयटीआय आणि डिप्लोमाच्या पोरांनाही हे सांगा, कारण या लाइनीला एमबीएच लागतं हा समज चुकीचा आहे, वायरमन, इन्स्ट्रुमेंटेशन, केमिकल प्लांट ऑपरेटर केलेलं पोरगं यात फार वर जाऊ शकतं. आणि निमा, आयमा या इथल्या उद्योजकांच्या संघटनांना तुमच्या पेपरामार्फत सांगणं आहे की वर्षातून एक सेमिनार घेण्यापेक्षा पोरं आत घ्या. फॉर्म पाच ३० सप्टेंबरला भरायचा असतो, जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक कारखान्यात त्याची जमवाजमव चालू असते आणि हाताखाली माणूस हवाच असतो. कॉलेजं जूनमध्ये सुरू होतात. एका कॉलेजनं पंचवीस पोरं द्यावीत, पंचवीस कारखान्यांनी एकेक घ्यावं, बिलं लावण्यापासून फॉर्म सबमिट होईपर्यंत त्याला बरोबर ठेवावं आणि बसभाडं-जेवणापुरते पैसे द्यावेत. आमच्या प्लांट हेडशी मी बोललेय, दोन पोरं आम्ही घ्यायला तयार आहोत. बाकी कुणी तयार असेल तर त्यांनी आपल्या पत्रांच्या सदरात कळवावं, कॉलेजांशी बोलायचं काम मी आणि या लाइनीतले आम्ही दोघं-तिघं मिळून करू.

कळावे,
आपली नेहमीची वाचक
(नोकरीत असल्यामुळं नाव छापू नये ही विनंती)
पाथर्डी फाटा, नाशिक